प्रतिसाद: मंडळीत बाहेरच्यांना जागा

"बाहेरून आलेल्यांना मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) जागाच मिळत नाही, सगळं चारपाच जुन्या घराण्यांच्या हातात" असं वर लिहिलंय ते बऱ्याच ठिकाणी खरंय. पण हे आजचं नाही. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा ६ वा अध्याय काढा, यरुशलेमच्या पहिल्याच मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं. मग त्या कामासाठी जे सात जण निवडले त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे तक्रार करणाऱ्यांपैकीच असावेत! त्यातला नीकलाव तर जन्माने यहूदीसुद्धा नव्हता. मला हे फार मोठं वाटतं.

माझं सांगते, लग्न होऊन सासरच्या मंडळीत आले तेव्हा गायनवृंदात घ्या म्हणून दोनदा विचारलं, दोन्ही वेळा बघू म्हणाले. मग एका रविवारी शेजारच्या आजींना चष्म्याशिवाय गीताचा नंबर दिसेना, मी पान काढून ओळीवर बोट ठेवून दिलं, पुढच्या रविवारी त्यांनीच माझ्यासाठी बाकावर जागा धरली. पुढे त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या आणि पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) त्यांना घरी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, द्यायला जाताना मला सोबत नेऊ लागले. आता अशी अकरा घरं आहेत, आदल्या दिवशी मी सगळ्यांना फोन करते कारण काहीजणींना त्या दिवशी चांगली साडी नेसून बसायचं असतं. तुम्ही पाळकांना एवढंच विचारून बघा, आजारी माणसांची यादी कोणाकडे आहे.