‘दंड घालणे’ हा शब्द तुमच्याकडे अजून वापरात आहे का?

परवा आमची डबलबेडची चादर मधोमध विरली. विरली म्हणजे फाटली नव्हती अजून, पण खिडकीसमोर धरली की पलीकडे हाताची बोटं मोजता येत होती. टाकून द्यायला जीव होईना कारण दोन्ही कडांचं कापड अगदी घट्ट, रंगसुद्धा गेलेला नाही. आईला फोन केला तर ती सहज म्हणाली, अगं त्यात काय, मधून उभी फाड आणि दंड घाल. मला काही कळेना. दंड? मग तिने समजावलं की लुगड्याला घालायचे ना, तसा.

तर नऊवारी लुगडं पहिल्यांदा जातं ते बसायच्या जागी, पदर आणि दुसरं टोक चांगलंच राहतं. मग विरलेला भाग आडवा कापून काढायचा आणि उरलेले दोन धड तुकडे एकमेकांना जोडायचे, किंवा दोन जुन्या लुगड्यांचे चांगले भाग घेऊन त्यांचं एक करायचं. त्या जोडाला म्हणायचं दंड. चादरीचंही तेच, फक्त उभं. मधून फाडली, विरलेली पट्टी काढून टाकली, बाहेरच्या घट्ट कडा मध्ये आणून जोडल्या आणि ज्या कडा आता बाहेर गेल्या त्यांना दुमडून टीप मारली. चादर वीतभर अरुंद झाली पण बेडवर नीट बसते.

हे करताना डोक्यात आलं की मी आत्तापर्यंत या सगळ्याला ‘शिवून घेतलं’ किंवा ‘ठिगळ लावलं’ एवढंच म्हणत होते, आणि ते चूक आहे. टाका घालतो तेव्हा फक्त दोरा जातो. ठिगळ लावतो तेव्हा दुसरं कापड येतं. रफू करतो तेव्हा त्या भोकात नवी वीणच भरतो. आणि दंड घालतो तेव्हा दोरा सोडून बाहेरचं काहीच येत नाही, खराब झालेलं काढून चांगल्याला चांगलं जोडतो. चार वेगळी कामं, चार वेगळे शब्द. त्यातले तीन टिकले आणि एक लुगड्याबरोबर चालला, म्हणून विचारतेय, तुमच्याकडे आहे का हा शब्द? आणि कापडाच्या दुखण्यांचे, दुरुस्तीचे आणखी कुठले शब्द आठवतात?

——

कोल्हापूर साइडला ‘दांड’ म्हणतात ताई, दंड नाही. आमच्या आजीचं दांडाचं लुगडं मला चांगलं आठवतंय, अर्धं हिरवं आणि अर्धं तांबडं, कारण दोन वेगवेगळ्या लुगड्यांचं केलेलं. नेसताना ती हिशोब करूनच नेसायची म्हणजे जोड बरोबर निऱ्यांत जाऊन बसायचा, वरून बघणाऱ्याला दिसायचं नाही. शेतात आणि घरात तेच, जत्रेला जायचं असलं की ट्रंकेतलं धड लुगडं निघायचं. ‘धड’ हा पण शब्द लिहून ठेवा, धड म्हणजे न फाटलेलं, त्याच्या उलट फाटकं.

आणि दांड घालूनही जे भागत नाही ते वाकळेत जातं. आमच्यात गोधडी म्हणत नाहीत, वाकळच. थोडं पुढं कर्नाटकात गेलं की त्यालाच कौदी म्हणतात. वाकळ शिवायची म्हणजे अंगणात खाली धड कापड ताणून पसरायचं, त्यावर जुन्या कपड्यांचे तुकडे फरशा बसवल्यासारखे लावत जायचे, वरून परत एक लुगडं आणि मग कडेपासून दोरा घालत घालत चौकोनात आत आत यायचं. मध्ये पोचेपर्यंत आठ-दहा दिवस जायचे कारण कामं उरकून दुपारीच वेळ मिळणार. मी पाठ टेकली की कुठला तुकडा कुणाच्या शर्टाचा ते ओळखायचो.

——

छान धागा. दुखण्यांचे शब्द मी देते, कारण मला वाटतं खरी श्रीमंती तिथे आहे. उसवणं म्हणजे कापड शाबूत, फक्त शिवण सुटली. विरणं म्हणजे वापरून वापरून पातळ झालं. विटणं म्हणजे रंग उडाला. फसकणं म्हणजे शिवण जागच्या जागी आहे पण तिच्या शेजारचे धागे सरकले, काखेत घट्ट ब्लाऊज जातो तो असा. खोंबारा लागणं म्हणजे खिळ्याला नाहीतर काट्याला अडकून फाटलं. कसर लागणं म्हणजे किड्याने खाल्लं. दशा निघणं म्हणजे कडेचे धागे सुटले. आता बघा, प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. उसवलं तर पाच मिनिटांत टीप, खोंबाऱ्याला लगेच रफू, विरल्यावर मात्र रफू करून काही उपयोग नाही कारण ज्या धाग्यांना पकडून विणायचं तेच मेलेले असतात. आजी कपडा हातात घेऊन आधी काय झालंय ते शब्दात सांगायची, मग सुई शोधायची.

यावरून एक शंका. पेपरात सारखं वाचते, ‘नात्यांची वीण उसवली’. उसवते ती शिवण ना? वीण कशी उसवेल? वीण विरते.

——

माझे वडील शिंपी, म्हणून रफूबद्दल थोडं. शब्द फारसीतून आलाय आणि करणारा तो रफूगर. चांगल्या रफूचं गुपित म्हणजे दोरा बाहेरून आणत नाहीत, त्याच पँटच्या आतल्या दाबातून (शिवणीच्या आत दुमडलेल्या जादा कापडातून) धागे ओढून काढतात, म्हणजे रंग आणि जाडी आपोआप जुळते. मग आधी उभे धागे भरायचे आणि मग आडवा एक खालून एक वरून. वडील चष्मा कपाळावर घेऊन कापड डोळ्यांच्या अगदी जवळ धरून करायचे आणि तेवढा वेळ कोणाशी बोलायचे नाहीत.

आणखी एक काम आमच्याकडे खूप यायचं, कॉलर पलटणे. शर्टाची कॉलर घडीवर झिजते, म्हणून ती उसवून काढायची, उलटी करायची, झिजलेली बाजू खाली आणि कोरी बाजू वर, परत बसवायची. शर्टाला आणखी दोन वर्षं मिळायची. ‘पलटणे’ला दुसरा मराठी शब्द मी तरी ऐकला नाही. शाळेच्या खाकी चड्डीला मागे दोन ठिगळं आणि त्यावर मशीनने गोल गोल टिपा, हे ज्यांनी घातलंय त्यांना सांगायला नको.

ठिगळ लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, कोरं कापड लावू नका. मी स्वतः एकदा मुलाच्या जीन्सला गुडघ्यावर नवीन कोऱ्या कापडाचं ठिगळ लावलं, दोन धुण्यांत ते आटलं आणि आजूबाजूचं जुनं कापड ओढून फाडलं, पहिल्यापेक्षा मोठं भोक. जुन्याला जुनंच लावायचं, धुऊन घेतलेलं, आणि ठिगळाचा उभा धागा कपड्याच्या उभ्या धाग्याला जुळवून.

——

वऱ्हाडात ठिगळ नाही, ठिगय. आमच्याकडं ळ चा य होते, काळं ते कायं तसं. दंड मी ऐकला नाही, विचारून सांगतो घरी.

पण ठिगय म्हटलं आणि गाडगेबाबांची आठवण नाही आली असं होत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६ चा. अंगावर चिंध्या जोडून केलेला अंगरखा, म्हणून कुठं गोधडे महाराज तर कुठं चिंधेबुवा म्हणत त्यांना. ज्या कपड्यावरून माणसाला हिणवतात तोच शब्द लोकांनी आदरानं नाव म्हणून लावला, हे मला फार मोठं वाटते. एरवी चिंधी शब्दाला भाषेत मान कुठे आहे? चिंध्या करणे, चिंधीचोर, लक्तरं वेशीवर टांगणे, आयुष्याचं पोतेरं होणे, सगळं वाईटच. आणि घरात तर चिंधीशिवाय पान हलत नव्हतं, बोट कापलं की हळद लावून चिंधीच बांधत.

——

मीच परत, धागा काढणारी. किती दिलंत सगळ्यांनी!

आधी वीण उसवण्याबद्दल. मला वाटतं दोन्ही बरोबर आहे, वीण कुठली त्यावर आहे. मागावरची वीण उसवत नाही, ती विरते, इथे तुमचं म्हणणं पटलं. पण लोकरीच्या विणकामात उसवणे हाच शब्द आहे. लहान झालेला स्वेटर आई एका टोकाला धरून सरसर उसवायची, मी समोर दोन्ही हात पुढे करून बसायचे आणि ती माझ्या हातांवर लोकर गुंडाळून लडी करायची. मग ती लडी कोमट पाण्यात धुऊन खाली काहीतरी वजन अडकवून दोरीवर टांगायची, म्हणजे लोकरीचे बाक जायचे. त्याच लोकरीचा पुढच्या थंडीत धाकट्या भावाचा स्वेटर. तेव्हा नात्यांची वीण उसवली असं लिहिणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही, उसवलेली लोकर परत विणता येते हेही त्या शब्दात आहे.

पोतेऱ्याबद्दल, चूल शेणाने सारवायची म्हणजे पोतारायची त्याचं जे फडकं ते पोतेरं, म्हणून शब्दाला एवढा कमीपणा आला असावा. पण जुन्या कापडाचं सगळ्यात वरचं काम विसरू नका. धोतर विरून मऊ झालं की त्याचे बाळाचे लंगोट आणि दुपटी. दुपटं म्हणजे दोन पदरांचं, जशी चार पदरांची ती चौघडी. कोऱ्या मांजरपाटाला तो मऊपणा येत नाही, म्हणून येणाऱ्या बाळासाठी जुनेरं मुद्दाम मागून आणायचे. आणि श्रीखंडाचा चक्का टांगायला आमच्याकडे अजून तसलंच फडकं आहे. बोहारणीला दिले जायचे ते उरलेले कपडे, आधी घरातल्या या सगळ्यांचा हक्क.

जुनेर आणि दांड दोन्ही माझ्या वहीत लिहिले. कॉलर पलटणेही.

चादर आज धुऊन वाळत घातली होती. दंडाची शिवण आईने सांगितली तशी केली, एक कड दुसऱ्यात दुमडून दोन टिपा, म्हणजे पाठीला टोचत नाही. मधली विरलेली पट्टी कापून ओट्याजवळ ठेवलीय, गरम पातेलं उतरवायला आणि गॅस पुसायला. त्याला आमच्याकडे मसोतं म्हणतात. हा शब्द कुठे कुठे आहे?