पहिल्या महायुद्धाने ब्रिटिश बायकांना मत मिळवून दिलं का?

दगडफूल:
'बायका युद्धकाळात कारखान्यांत राबल्या, म्हणून १९१८ ला त्यांना मताधिकार मिळाला' हे शाळेपासून ऐकतोय. हिशोब जुळत नाही. मत मिळालं ३० च्या पुढच्या बाईला, तेही तिच्या किंवा नवऱ्याच्या नावावर ठरावीक मालमत्ता असेल तर. तोफगोळे भरणाऱ्या बहुतेक पोरी विशी-पंचविशीतल्या. टीएनटी या स्फोटकाने कातडी पिवळी पडायची, लोक त्यांना 'कॅनरी' (एक पिवळा पक्षी) म्हणायचे. लीड्सजवळ बार्नबोच्या कारखान्यात ५ डिसेंबर १९१६ च्या रात्री स्फोटात ३५ जणी गेल्या. सेन्सॉरमुळे नीट बातमीसुद्धा आली नाही. पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ उजाडलं. फ्रान्सच्या बायकांनीही हेच काम केलं, त्यांना मत १९४४ ला. आणि न्यूझीलंडने १८९३ लाच दिलं. तिथे कुठलं महायुद्ध होतं?

खमंग_काकू:
मतपेटीतून डोकं बाहेर काढा जरा! युद्धाआधी गरिबाची पोर म्हणजे बहुतेकदा कुणाच्या तरी घरची मोलकरीण. राहायचं मालकिणीकडेच, म्हणजे रात्री घंटी वाजली तरी उठा. कारखान्यात पाळी संपली की वेळ तिचा. पगार पुरुषापेक्षा कमी, पण मोलकरणीपेक्षा चांगला. युनियनमधल्या बायका १९१४ ला साडेतीन लाखांच्या आसपास होत्या, १९१८ ला १० लाखांच्या वर. त्याच ऑगस्टात लंडनच्या बसवरच्या कंडक्टरणींनी संप केला. पुरुषांना ५ शिलिंग जादा बोनस, आम्हाला का नाही? आणि मिळवला. हे बदल नाहीत?

दगडफूल:
टिकले किती? १९१९ ला युद्धाआधीच्या प्रथा परत आणायचा, म्हणजे बायकांकडे आलेली कामं पुन्हा पुरुषांना द्यायचा कायदा झाला. पुरुषांच्या युनियननी ते वचन १९१५ लाच घेऊन ठेवलं होतं. बेकारभत्ता मागायला गेलेल्या बाईपुढे पुन्हा मोलकरणीचीच नोकरी. नको म्हटलं की भत्ता बंद.

बांधावरून:
त्याच युद्धात साताऱ्याच्या आपशिंगे गावचे ४६ जण मारले गेले. मागे शेत, गुरं, म्हातारी माणसं बायकांवरच. पण त्यांची 'भूमिका बदलली' असं कुणी लिहीत नाही, कारण खुरपणी, कापणी, मळणी त्या आधीही करतच होत्या. तुमच्या चर्चेत काम म्हणजे फक्त हजेरीपटावरचं काम दिसतंय.

खमंग_काकू:
बांधावरून, यावर वेगळा धागा काढाच.
दगडफूल, भत्ता जाणार हे माहीत असूनही कित्येकजणी नको म्हणाल्याच ना? पेपरवाले त्यांना ऐतखाऊ म्हणत होते तरीही.