कमी पॉवरची मजा
काही जण म्हणतात की जुन्या गाडीत पॉवरच नाही तर चालवण्यात मजा कसली. अहो पॉवर कमी म्हणूनच तर मजा येते! १९५९ ची पहिली मिनी ही छोटी ब्रिटिश गाडी घ्या, ८४८ सीसी, ३४ बीएचपी, चाकं जेमतेम १० इंची, पण वळणावळणाच्या आडरस्त्यावर ६० ला सुद्धा वाटतं आपण काहीतरी पराक्रम करतोय, नव्या गाडीत तोच स्पीड म्हणजे झोप. त्यात पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर टाकताना वेग आपोआप जुळवून देणारी सोय) नाही, म्हणजे चढावर चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर न्यूट्रलला क्लच सोडून जरा रेस द्यायची, परत क्लच दाबायचा आणि मग गिअर, टायमिंग जमलं की लोण्यात सुरी गेल्यासारखा बसतो, नाहीतर अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा खरखराट (ऑटोमॅटिकवाल्यांना काय सांगणार हे). फक्त ड्रम ब्रेक असतील तर लांब उतारावर पाय ठेवून बसू नका, तापले की पकड जाते, खालच्या गिअरात उतरवा. आणि चकाचक रिस्टोर केलेली तर नकोच बुवा, ओरखडेवालीच बरी, फांदी घासली तरी जीव वरखाली होत नाही.