सवय नव्हे, निवड

एकांनी लिहिलंय की औषध घेत राहिलं की जंतूंना त्याची सवय होते. इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण सवय कुठल्याच एका जंतूला होत नाही. क्षयाचं उदाहरण घ्या. फुप्फुसात पोकळी पडलेल्या रुग्णात कोट्यवधी जंतू असतात. डीएनएची नक्कल होताना चुका होतात आणि साधारण दहा कोटींत एखादा जंतू असा निघतो, की ज्याच्या आरएनए पॉलिमरेजला (जनुकांवरून आरएनए बनवणाऱ्या प्रथिनाला) रिफॅम्पिसिन हे क्षयावरचं औषध नीट चिकटतच नाही. तो बहुधा पहिल्या गोळीच्या आधीपासूनच तिथे असतो! एकटं रिफॅम्पिसिन दिलं तर बाकीचे मरतात आणि त्याला रान मोकळं मिळतं. ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिन या क्षयावरच्या आणखी एका औषधाच्या चाचणीत (अहवाल १९४८चा) हेच दिसलं: रुग्ण आधी सुधारले, मग अनेकांचे जंतू औषधाला दाद देईनासे झाले. म्हणून क्षयाला एकाच वेळी तीन-चार औषधं देतात. त्या सगळ्यांना पुरून उरणारा जंतू आपसूक निपजणं जवळपास अशक्य. त्यातली एखादी गोळी मधेच मिळेनाशी झाली की मला खरोखर धास्ती वाटते. ई. कोलायसारखे (आतड्यात राहणारे) जंतू औषधाला दाद न देणारी तयार जनुकंच प्लाझ्मिडवरून, म्हणजे डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यांवरून, एकमेकांना देतात. क्षयाच्या जंतूचं मात्र सगळं डीएनएच्या नकलेतल्या चुकांवरच चालतं.