मदत हवी आहे: गोव्यात पोकर टूर्नामेंट, चौघेही नवखे

गंगापूररोड:
नाशिकहून चौघे पणजीला निघतोय. मांडवीतल्या कॅसिनो जहाजावर एक दिवसाची नो-लिमिट होल्डेम (पोकरचा प्रकार, पैज कितीही लावता येते) टूर्नामेंट आहे. बाय-इन (प्रवेश फी) १०,०००, री-एन्ट्री (बाद झाल्यावर पुन्हा फी भरून येणं) दोनदा. सुरुवातीचा स्टॅक (जवळच्या चिपा) २५,०००, ब्लाइंड (दर डावात दोघांनी आळीपाळीने आधीच लावायची रक्कम, स्मॉल आणि बिग) १००/२०० पासून, लेव्हल २० मिनिटांची, मग ते वाढतात. घरी नेहमी खेळतो, पण डीलरसमोर बसणार पहिल्यांदाच. रचना बरी आहे का? टेबलावर काय चुकतं? जिंकलोच तर हातात किती पडतं?

पंचवटीकर:
२५,००० म्हणजे २०० चे १२५ बिग ब्लाइंड, पण तेवढ्याने हुरळू नका. तासाला साधारण २५-३० डाव होतात. २० मिनिटांत जेमतेम आठ-दहा, म्हणजे नऊ जणांच्या टेबलावर एक फेरा झाला की ब्लाइंड वाढले. चांगल्या पानांची वाट बघत बसलात तर स्टॅक आपोआप झिजतो.

ब्लाइंड १०००/२००० झाले की बिग ब्लाइंड अँटी (बिग ब्लाइंडवाल्याने सगळ्यांच्या वतीने भरायची जादा रक्कम) २००० धरा. फेऱ्याचा खर्च ५,०००. जवळ २०,००० उरले असतील तर ते चार फेऱ्यांपुरतेही नाहीत, कारण पुढचा फेरा आणखी महाग. इथे रेझ करून (पैज वाढवून) मग फोल्ड करणं (पानं टाकणं) परवडत नाही. ऑल-इन (सगळ्या चिपा लावणं), नाहीतर फोल्ड. ऑल-इनही शक्यतो आपण आधी करावा. सगळे फोल्ड झाले तर पानं न दाखवता ५,००० आले, स्टॅक पावपट वाढला. दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल केलात (तेवढीच रक्कम लावलीत) तर ही संधी गेली.

गंगापूररोड:
री-एन्ट्री उशिरा घेतली तरी २५,०००च मिळतात ना?

पंचवटीकर:
मिळतात, पण १०००/२००० ला ते साडेबारा ब्लाइंडच. लेट रजिस्ट्रेशन (उशिरा प्रवेश) कुठल्या लेव्हलला बंद होतं ते स्ट्रक्चर शीटवर (लेव्हलच्या तक्त्यावर) बघून ठेवा आणि २५,००० ला तेव्हाच्या बिग ब्लाइंडने भागा. उत्तर वीसच्या खाली आलं तर नवख्याने ते दहा हजार खिशातच ठेवावेत, असं माझं मत.

मोठीचिप:
टेबलावरचं सांगतो. ब्लाइंड ५००/१००० आहेत, कुणी रेझ केलेलं नाही, आणि तुम्ही न बोलता ५,००० ची एकच चिप टाकलीत, तर तो कॉल. बाकी परत मिळते, रेझ होत नाही. आधी ‘रेझ, तीन हजार’ म्हणा, मग चिप टाका. थोड्या चिपा ठेवून परत स्टॅककडे हात नेलात तर तो स्ट्रिंग बेट, चालत नाही. आकडा तोंडाने सांगितला की दोन्ही धोके टळतात.

पानांवर एखादी चिप ठेवा. डीलरच्या शेजारी बसलेल्याची, चिप न ठेवलेली पानं डीलर चुकून ओढून नेतो, आणि ती फोल्ड झालेल्या पानांत मिसळली की डाव गेला.

डाव चालू असताना आपसात मराठी बोलू नका, टेबलावर कुठली भाषा चालते ते आधी विचारून घ्या. चौघांपैकी दोघे एका टेबलावर आलात तर एकमेकांना सांभाळून खेळणंही नियमबाह्य. घरच्या सवयीने हे हमखास होतं.

आकडेमोड:
कराचं ऐका. १०,००० च्या वर बक्षीस गेलं की ३०% टीडीएस कापूनच पैसे मिळतात. पॅन कार्ड जवळ ठेवा. सेस (उपकर) धरून कर ३१.२%, आणि तो पूर्ण बक्षिसावर, बाय-इन वजा होत नाही. तीनदा एन्ट्री घेऊन ३०,००० घातले आणि ४०,००० जिंकले, तर कर १२,४८०. उरले २७,५२०. म्हणजे बक्षीस घेऊन २,४८० चा तोटा! एकाच एन्ट्रीत तेच बक्षीस आलं तर १७,५२० सुटतात. री-एन्ट्रीचा निर्णय नाशिकलाच घ्या, तिथे हरल्यावर नको. नोकरदार असाल तर या उत्पन्नासाठी आयटीआर-१ (आयकर विवरणपत्राचा साधा फॉर्म) चालत नाही.

मोठीचिप:
नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेसने जाणार असाल तर मडगावला उतरून पुढे पणजी तीसेक किलोमीटर. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश चालतात, आदल्या दिवशीच पोहोचा. धक्क्यावरून जहाजापर्यंत छोटी बोट असते, तिची रांगही धरा. वयाचा पुरावा मूळ लागतो, २१ पूर्ण हवीत.

गंगापूररोड:
अरे बापरे. आमच्यातला एक वीसचा आहे.

मोठीचिप:
मग त्याचं बाय-इन भरू नका, बोटीतच चढू देणार नाहीत.