मदत हवी आहे: आरमारी लढायांवरचं वाचनीय पुस्तक, शनिवारच्या आत

खाडीकाठ: नौदलाच्या लढायांवर एक चांगलं पुस्तक सुचवा. गोष्टीसारखं वाचता आलं पाहिजे, सनावळ्या नकोत. शनिवारी भेट द्यायचंय, त्यामुळे ठाण्यात किंवा वाशीत मिळेल असंच सांगा. लवकर.

गुराब: कुठला काळ? शिडाची जहाजं, वाफेची, की विमानवाहू? वाचणारा कोण, इंग्रजी वाचतो का?

खाडीकाठ: काळ कुठलाही चालेल. चांगलं असलं म्हणजे झालं. नाव सांगा ना कुणीतरी.

नौपाडा_वाचक: रॉबर्ट मॅसी, 'कासल्स ऑफ स्टील'. पहिल्या महायुद्धातलं ब्रिटन-जर्मनीचं सागरी युद्ध. जटलंडला (१९१६) तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर (मोठ्या, वेगवान युद्धनौका) का उडाल्या ते नीट कळतं: गोळे भराभर डागता यावेत म्हणून कॉर्डाइट (तोफेची स्फोटक दारू) कोठाराबाहेर रचलेलं, आग अडवणारी दारं उघडी. तोफेच्या मनोऱ्यावर गोळा बसला की ज्वाळा थेट कोठारात. फक्त त्याचंच 'ड्रेडनॉट' चुकून उचलू नका. ते ऑगस्ट १९१४ला संपतं, त्यात राजकारण आणि जहाजबांधणीची चढाओढ आहे, लढाया नाहीत.

गुराब: ठाण्यात बसून जटलंड कशाला? शिवरायांनी जहाजं बांधायला घेतली ती इथेच, कल्याण-भिवंडीच्या खाडीत. मेहेंदळे-शिंत्रे यांचं 'शिवछत्रपतींचे आरमार' घ्या. १६७९ची खांदेरी बेटाची लढाई वाचाच. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं जागच्या जागी, आणि आपली वल्ह्यांची होडकी रात्री उथळ पाण्यातून बेटावर रसद पोचवतात. गलबतं लहान होती हीच जमेची बाजू.

घणसोली७: पुस्तक उत्तमच, पण मेहेंदळे म्हणजे पानोपानी पुरावे. त्यांना गोष्ट हवी आहे.

गुराब: पुराव्याशिवायची गोष्ट कादंबरीत वाचावी.

सागरी_मार्ग: नौदलात जायचं असेल तर एनडीए बघा. यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं.

घणसोली७: धागा पुस्तकाचा आहे हो. १९७१चं भारत-पाक युद्ध कुणी काढलं नाही अजून! कराचीवर गेलेल्या क्षेपणास्त्र नौकांचा पल्ला कमी, म्हणून त्यांना वाटेत ओढून न्यावं लागलं होतं. हिरानंदानींचं 'ट्रान्झिशन टु ट्रायम्फ' बघा.

नौपाडा_वाचक: तो नौदलाचा अधिकृत इतिहास आहे. माहितीला पक्का, भेट द्यायला जड.

खाडीकाठ: भाच्यासाठी हवंय. अकरावी सायन्स, इंग्रजी वाचतो. मिडवेच्या लढाईवरचं (१९४२, अमेरिका विरुद्ध जपान) जपानी नौदल वैमानिक फुचिदाचं पुस्तक वाचून झालंय, पुन्हा पुन्हा त्याबद्दलच बोलतो.

नौपाडा_वाचक: हे आधी सांगायचं ना! मग मॅसी राहू दे. पार्शल आणि टली यांचं 'शॅटर्ड स्वोर्ड' (२००५). फुचिदा सांगतो की जपानी विमानं उड्डाणाला सज्ज होती, पाच मिनिटं कमी पडली. हे दोघे ते खोडून काढतात. जपानच्या 'झिरो' लढाऊ विमानाच्या २० मिमी तोफेत फक्त ६० गोळे, म्हणून रक्षक विमानं सारखी उतरायची आणि पुन्हा उडायची. हल्ल्याची विमानं वर आणून रचायला, इंजिनं तापवायला आणि सोडायला पाऊण तास सलग मोकळा डेक (जहाजावरची धावपट्टी) लागतो, तो मिळालाच नाही. विमानं डेकखाली बंदिस्त हँगरमध्ये (विमानं ठेवायच्या जागेत) होती, तिथेच इंधन, बाँब आणि टॉर्पेडोही. म्हणून मोजक्या बाँबमध्ये जहाजं गेली.

गुराब: हे मान्य. भाच्याला हेच द्या. खांदेरी नंतर.

खाडीकाठ: दुकानात नसलं तर?

नौपाडा_वाचक: आजच फोन करून प्रत बाजूला ठेवायला सांगा, कारण जाड पुस्तक आहे, दुकानं एखादीच प्रत ठेवतात. फुटपाथवरची नकली प्रत घेऊ नका. नकाशे आणि डेकचे आराखडे धूसर येतात, आणि या पुस्तकात तेच बघायचे असतात. साधी बांधणी चालेल. नाहीच मिळालं तर मॅसी.

घणसोली७: परिशिष्टं सोडू नकोस म्हणावं.