मदत हवी आहे: निदानाच्या पद्धतीवर पेटंट मिळतं का?

नमस्कार मंडळी. माझ्या दादाची वडोदऱ्यात दांडिया बाजारला पॅथॉलॉजी लॅब आहे. गेली अकरा वर्षं रोज रात्री शटर ओढायच्या आधी तो रक्ताच्या रिपोर्टांतले दोन आकडे एका जाड वहीत शेजारी शेजारी उतरवतो. नावं नाहीत, फक्त वय आणि आकडे. त्यांच्या गुणोत्तरावरून एक आजार लवकर ओळखता येईल असं त्याला वाटतं. आता एक सल्लागार मागे लागलाय, "आधी पेटंट, मग बोला."

मला हे पटत नाही. शरीरात जे घडतंय ते दादाने पाहिलं, घडवलं नाही. आपल्या १९७० च्या कायद्यात कलम ३(सी) वैज्ञानिक तत्त्वाच्या शोधाला आणि ३(आय) माणसावरच्या उपचार-निदानाच्या पद्धतींना पेटंट नाकारतं. अमेरिकेतही २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने मेयो विरुद्ध प्रोमिथियस खटल्यात असंच पेटंट रद्द ठरवलं. थायोप्युरिन औषधाचे रक्तातले घटक मोजून डोस ठरवायचा, एवढंच त्यात होतं. असली पेटंटं टिकली तर रिपोर्ट बघून डॉक्टरने विचार करायचा तरी कसा?

माझं अडलंय ते असं: नमुना शरीराबाहेर, नळीत तपासला तरी ३(आय) लागतं का? आणि दादाने सरळ लेख छापला, तर पुढे दुसऱ्या कुणाला त्यावर पेटंट घेता येणार नाही ना? हळदीचं अमेरिकेतलं पेटंट १९९७ मध्ये सीएसआयआरने (भारतातल्या सरकारी संशोधन परिषदेने) जुने लेखी पुरावे दाखवूनच रद्द करवलं होतं, म्हणून विचारते.

यातलं काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. शनिवारी सल्लागाराला उत्तर द्यायचंय.